शिकारी सुऱ्यावरील अर्धवट अक्षरे : कारागीर कोण असावा?

प्रश्न : मेळघाट-पायथा

नमस्कार. आमच्या घरी एक जुना शिकारी सुरा आहे. तो कोणी घडवला असावा, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. आमचे गाव परतवाड्यापासून जवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घरातली मोठी माणसे सांगत की, आमचे पणजोबा साहेब लोकांच्या शिकारीत हाका उठवणाऱ्या माणसांचे मुकादम होते आणि हा सुरा त्यांना एका लष्करी साहेबाने बक्षीस दिला होता. साहेबाचे नाव किंवा बक्षिसाचे साल घरात कोणालाच माहीत नाही.

पाते 19 सेंटीमीटर लांब व मुठीजवळ 3.4 सेंटीमीटर रुंद आहे. पाठीची जाडी मुठीपाशी 6 मिलिमीटर भरते आणि नोकेकडे ती एकसारखी कमी होत जाते. पाठ बरीच सरळ येऊन शेवटच्या तीन-चार बोटांच्या भागात खोलगट उतरते, आणि तेवढ्या भागाला वरच्या बाजूनेही धार काढलेली आहे. मूठ सांबरशिंगाच्या एका अखंड तुकड्याची असून शिंगाचा मूळचा खडबडीतपणा तसाच ठेवलेला आहे. मुठीच्या पुढे आडवी पितळी पट्टी आणि मागे पितळेची टोपी आहे. टोपीच्या मधोमध लोखंडाचा हरभऱ्याएवढा गोल ठिपका दिसतो. चामड्याचे म्यान मात्र नंतर गावातच शिवून घेतलेले आहे.

पात्याच्या डाव्या अंगाला पितळी पट्टीला लागून इंग्रजी अक्षरांच्या दोन ओळी आहेत. दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या आधी चिंच व राख लावून सुरा घासण्याची आमच्याकडे रीत होती, त्यामुळे अक्षरे फार झिजली आहेत. वरच्या ओळीत ओ, डी, आर, ए एवढी अक्षरे लागतात व त्यांच्या पुढे-मागे काही तरी पुसल्यासारखे दिसते. खालच्या ओळीत ए, यू, आर, यू, एन, जी अशी अक्षरे असून पुढचा भाग गेलेला आहे. मुकुट, तारा, प्राणी असे कोणतेही चिन्ह नाही. 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असा शब्दही नाही. अमरावतीतील एका परिचितांनी हा इंग्लंडमधील शेफिल्डचा माल असावा असे सांगितले, दुसऱ्यांच्या मते तो जर्मनीतील सोलिंगेनचा आहे. सुरा विकायचा नाही. पुढच्या पिढीच्या हाती तो देताना त्याची खरी माहिती सोबत द्यावी, एवढीच इच्छा आहे.

उत्तर : जुनी शस्त्रे, नागपूर

आपण मोजमापे आणि अक्षरे इतक्या नेमकेपणाने दिली आहेत की, छायाचित्र नसतानाही बरेच काही सांगता येईल. माझ्या मते हा सुरा शेफिल्डचा नाही आणि सोलिंगेनचाही नाही. तो औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा आहे, आणि वरच्या ओळीतले नाव 'बोदराज' असे असावे.

खालच्या ओळीपासून सुरुवात करू. ब्रिटिश काळातल्या इंग्रजी लिखाणात औरंगाबादच्या नावात 'आर'नंतर 'यू' लिहिण्याचा प्रघात होता. आपल्याला दिसलेली सहा अक्षरे त्या नावाच्या सुरुवातीशी तंतोतंत जुळतात, आणि चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या युरोपातल्या कोणत्याही गावाचे नाव या सहा अक्षरांनी सुरू होत नाही. वरच्या ओळीतली चार अक्षरे 'बोदराज' या नावाच्या मधल्या भागात जशीच्या तशी बसतात. आधी एक अक्षर व नंतर एक अक्षर पुसले गेले आहे असे मानले, तर नाव पूर्ण होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्यावरून रानडुकरांची शिकार करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये बोदराजच्या भाल्यांच्या फाळांना फार मोठा मान होता. त्याच नावाचे व गावाचे ठसे असलेले शिकारी सुरेही आज जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत आणि लिलावांत आढळतात. हे भाले कसे वापरले जात हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. बंगालकडचे शिकारी आखूड व जड भाला वरून खाली खुपसत, तर मुंबई इलाख्यात व दख्खनमध्ये लांब भाला हाताच्या खालून धरून घोड्याच्या वेगावर चालवत. दोन्ही प्रकारांत काठी भरीव बांबूची असे. घोडा भरधाव असताना फाळ वाकला किंवा तुटला तर स्वाराच्या जिवावर बेतत असे, म्हणूनच एखाद्या कारागिराचे नाव एका छावणीतून दुसऱ्या छावणीत पोहोचत असे.

देशी कारागिराने आपले नाव इंग्रजी अक्षरांत का उमटवावे, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे गिऱ्हाईक इंग्रजी वाचणारे होते, हे त्याचे सरळ कारण आहे. मद्रास इलाख्यातील सेलमचा अरुणाचलम हा कारागीरही आपल्या सुऱ्यांवर व भाल्यांवर नाव आणि गाव इंग्रजीतच उमटवत असे. अशा सुऱ्यांचा घाट पुष्कळदा विलायती असतो, कारण अधिकारी आपल्याजवळचा नमुना दाखवून तसाच सुरा घडवून मागत. त्यामुळे केवळ पात्याच्या आकारावरून सुरा विलायती ठरवणे धोक्याचे आहे. आपल्या परिचितांनी शेफिल्डचे नाव घेतले ते बहुधा त्या आकारामुळेच.

शेफिल्डच्या मालाची ओळख वेगळी असते. तेथील जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीची खूण म्हणजे तारा आणि त्याच्या शेजारी माल्टीज क्रॉस. ही खूण त्या पेढीला 1764 मध्ये मिळाली. पुढे राजघराण्याचा आश्रय मिळाल्यावर त्यांच्या पात्यांवर मुकुट आणि राज्यकर्त्याची आद्याक्षरे येऊ लागली. व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतील तर पाते 1901 च्या आधीचे, सातव्या एडवर्डची असतील तर 1901 ते 1910 मधले, अशी साधारण कालगणना त्यावरून करता येते. जॉर्ज वोस्टनहोम या दुसऱ्या मोठ्या पेढीची खूण आय, एक्स, एल या तीन अक्षरांची होती. सोलिंगेनच्या हेंकेल्स घराण्याची खूण जुळ्या मानवाकृतींची, आणि ती तर 1731 पासूनची आहे. लंडनच्या विल्किन्सनच्या सुऱ्यांवर पेढीचे नाव व बहुधा पॉल मॉल हा पत्ता असतो. आपल्या पात्यावर यांपैकी कशाचाही मागमूस नाही, आणि जी अक्षरे आहेत ती यांपैकी कोणाशीच जुळत नाहीत.

औरंगाबादचा सुरा परतवाड्याच्या परिसरात आला कसा, हेही कोडे राहत नाही. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला, तो हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. याच फौजेच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि एलिचपूर येथे होत्या. एलिचपूर म्हणजे आपले अचलपूर, आणि त्याची छावणी परतवाड्यात होती. अधिकाऱ्यांच्या बदल्या या छावण्यांमध्ये होत असत. परतवाड्याच्या डोक्यावर चिखलदरा आणि मेळघाटचे जंगल असल्यामुळे औरंगाबादेत घेतलेला शिकारी सुरा कमरेला लावून एखादा अधिकारी येथे आला असेल, तर त्यात नवल काहीच नाही. आपल्या घरातील आठवण या इतिहासाशी जुळते, म्हणून ती लिहून ठेवावी.

शेवटी एक विनंती. पाते पुन्हा घासू नका. अंधाऱ्या खोलीत टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाका, आणि टॉर्च चारही दिशांनी फिरवत भिंगातून पाहा. समोरून न दिसणारी अक्षराची कड तिरप्या प्रकाशात सावली टाकते. वरच्या ओळीच्या सुरुवातीला 'बी'चा उभा दांडा मिळतो का, ते शोधा.

उत्तर : लोहारशाळा, दर्यापूर

वरचे विवेचन मला पटते. मात्र नाव वाचता आले म्हणजे काम संपले असे नाही. ज्या नावाला बाजारात किंमत असते त्याची नक्कल होते, आणि लोखंडावर ठसा मारणे आम्हा लोहारांना अवघड नसते. आमचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या ऐरणीवर जगले आहे, म्हणून कारागिराच्या बाजूने काय तपासावे ते लिहितो.

पहिली तपासणी ठशाची. खरा कारागीर नावाचा ठसा पात्याला पाणी देण्यापूर्वी, म्हणजे ते तापवून व एकदम विझवून कडक करण्यापूर्वी मारतो, कारण त्या वेळी पोलाद मऊ असते. असा ठसा खोल बसतो आणि अक्षरांचा तळ सपाट राहतो. नंतर पाते घासून साफ केल्यामुळे अक्षराभोवती उठलेला काठही निघून जातो. पाणी दिलेल्या पात्यावर कोणी नंतर ठसा मारला, तर तो उथळ व एका बाजूला कललेला येतो, आणि कधी कधी अक्षराच्या कोपऱ्यातून केसासारखी बारीक चीर गेलेली दिसते. दुसरे असे की, पूर्ण नावाचा एकच ठसा असेल तर सगळी अक्षरे एका रेषेत आणि सारख्या अंतरावर येतात. सुटी अक्षरे एकेक करून ठोकली असतील तर एखादे वर, एखादे खाली, एखादे तिरपे होतेच, कितीही कसबी हात असला तरी. सुटी अक्षरे म्हणजे नक्कल असे मात्र समजू नये. फक्त ते नोंदवून ठेवावे, म्हणजे त्याच नावाच्या दुसऱ्या सुऱ्याशी ताडून पाहता येईल.

दुसरी तपासणी मुठीची. टोपीवरचा लोखंडी ठिपका म्हणजे पात्याचा मुठीत शिरणारा भाग शिंगातून आरपार जाऊन मागे ठोकून बसवलेला आहे. ही मजबूत रीत आहे. शिंगाला आरपार भोक पाडून त्यात लाख व विटकरीची भुकटी गरम करून भरायची, पात्याची शेपटी तापवून आत दाबायची, आणि मागे टोक ठोकून पसरवायचे, असे आमच्याकडेही करत आले आहेत. पितळी पट्टी आणि शिंग यांच्या फटीत तपकिरी किंवा काळपट, काचेसारखा चमकणारा पदार्थ दिसतो का ते पाहा. तो लाखेचा असेल तर मूठ देशी हातानेच बसवलेली आहे, असे मानायला चांगला आधार मिळतो. फटीत पांढरट किंवा पारदर्शक आधुनिक डिंक दिसला, तर मूठ अलीकडे उघडून पुन्हा बसवलेली आहे असे समजावे.

पोलाद कोणते, हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. दख्खनमधले नावाजलेले पोलाद तेलंगणातल्या कोनासमुद्रम्‌सारख्या गावांत मुशीत तयार होत असे आणि ते इराणपर्यंत जात असे. चंद्रपूरहून आदिलाबाद-निर्मळच्या बाजूला उतरले की तो मुलूख लागतो, म्हणजे तो आपल्या विदर्भाला परका नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विलायती पोलाद देशी बाजारात मुबलक येऊ लागले होते, आणि मोडक्या विलायती कानशीपासून सुरे घडवण्याची चाल तर अजूनही आहे. मुठीजवळच्या जाड भागावर किंवा पाठीवर बारीक आडव्या-तिरप्या रेघांचे एकसारखे जाळे कोठे उरले आहे का, हे भिंगाने पाहावे. कानशीचे दात घडाईत पूर्ण बुजत नाहीत, कोठे तरी खूण राहते. असे जाळे दिसले तर कारागिराचे महत्त्व उणावत नाही. माझे वडील म्हणत, "लोखंड कोणाचंही असो, पानी कोणाच्या हातचं हाय ते पाहा."

पोलादाची जात पाहण्यासाठी तेजाब लावा, सहाणेवर ठिणग्या पाडून बघा, असे सल्ले आपल्याला बाजारात मिळतील. ते कटाक्षाने टाळा. तेजाबाने पोलादावरची नक्षी उमटते हे खरे, पण झिजलेल्या ठशाची उरलेली कडही त्यात जाते, आणि आपल्याकडे तर तेवढीच शिल्लक आहे.

मेळघाट-पायथा

दोघांचेही मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे रात्री वीज बंद करून टॉर्चच्या तिरप्या उजेडात पाते पाहिले. वरच्या ओळीच्या आरंभी एक उभा दांडा स्पष्ट दिसला, आणि त्याच्या खालच्या अर्ध्याला उजवीकडे गोलाई आहे. वरच्या अर्ध्याची गोलाई दिसत नाही. 'ए'नंतरच्या अक्षराचा फक्त खालचा, डावीकडे वळलेला आकडा उरला आहे, आणि तो 'जे'चाच असावा असे वाटते. खालच्या ओळीत 'जी'नंतर आणखी एका 'ए'चे दोन तिरपे पाय सापडले, पुढचे काही लागत नाही. सगळी अक्षरे एका रेषेत आहेत. तळ सपाट दिसतो, चिरा नाहीत.

पितळी पट्टीच्या मागच्या फटीत काळसर तपकिरी पदार्थ आहे, आणि त्याचा एक कोपरा तुटून चकाकतो. कानशीच्या रेघांचे जाळे मात्र कोठेच आढळले नाही. आणखी एक गोष्ट लक्षात आली. उजव्या अंगाला मुठीजवळ दोन अगदी लहान खाचा शेजारी शेजारी आहेत. त्या मुद्दाम केल्यासारख्या वाटतात, कारण दोन्हींची लांबी सारखी आहे. त्यांचा काही अर्थ असू शकतो का?

पणजोबांच्या ट्रंकेत साहेबाच्या सहीची एक चिठ्ठी होती, असे आत्याबाई सांगतात. तिला वाळवी लागली आणि ती टाकून देण्यात आली.

उत्तर : निवृत्त वनकर्मचारी, चंद्रपूर

ओळख पटवण्याविषयी वरील दोघे अधिकाराने लिहीत आहेत. मी फक्त कायद्याची बाजू मांडतो, कारण जुन्या वस्तू बाळगणारे चांगले लोक याच बाबतीत अडचणीत येतात. मूठ सांबरशिंगाची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार वन्य प्राण्यांच्या अवयवांपासून बनवलेल्या वस्तूंच्या व्यापारावर कडक निर्बंध आहेत, म्हणून कोणी कितीही किंमत देऊ केली तरी व्यवहारात पडू नये, आणि वस्तू घरात ठेवण्याविषयी जवळच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी विचारून उत्तर जपून ठेवावे. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे सुरे वेगळ्या वर्गात मोडतात. आपले पाते दोन्ही मापांत त्याखाली आहे. तरीही यात्रेत किंवा मिरवणुकीत ते बाहेर नेऊ नये. वस्तू 100 वर्षांहून जुनी ठरली तर ती पुरावस्तू होते, आणि मग परदेशातल्या नातेवाइकांकडे ती परस्पर पाठवता येत नाही.

उत्तर : जुनी शस्त्रे, नागपूर

आपण पाहिलेल्या खुणांनी माझा विश्वास बराच वाढला आहे. उभ्या दांड्याची खालची गोलाई 'बी'शी जुळते, 'जे'चा आकडा योग्य जागी आहे, आणि 'जी'नंतर 'ए' येणे म्हणजे गावाचे नाव पुढे सरकले. अक्षरे एका रेषेत व सपाट तळाची असणे आणि मुठीत लाख असणे, या दोन्ही गोष्टी त्याच दिशेने बोलतात. आता मी या सुऱ्याची नोंद 'बोदराज, औरंगाबाद, एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध' अशी करीन, आणि त्यापुढे 'ठसा अंशतः झिजलेला' एवढे जोडीन. बोदराज या नावामागे एकच हात होता की बाप-लेकांची कार्यशाळा, हे एका सुऱ्यावरून ठरत नाही, म्हणून नोंदीत व्यक्तीपेक्षा ठशाला महत्त्व द्यावे.

शेजारच्या दोन खाचांचा अर्थ लावताना मी घाई करणार नाही. कार्यशाळेत एकाच वेळी अनेक पाती आणि मुठी तयार होत असतील, तर कोणत्या पात्याला कोणती मूठ हे लक्षात राहावे म्हणून कारागीर दोन्हींवर सारख्या खाचा पाडतो. बंदुकांच्या आणि तलवारींच्या जुन्या कामात अशा खुणा नेहमी दिसतात. पितळी पट्टीच्या पात्याकडच्या अंगाला किंवा टोपीच्या कडेला अशाच दोन खाचा आहेत का, ते पाहावे. असल्या तर पाते, पट्टी आणि मूठ पहिल्यापासून एकत्र आहेत याचा तो उत्तम पुरावा होईल, आणि माझ्या दृष्टीने तो ठशाच्या खालोखाल मोलाचा आहे. त्यासाठी मूठ मात्र उघडू नये.

जपणुकीविषयी थोडे. सुरा चामड्याच्या म्यानात ठेवू नका. कमावलेल्या चामड्यातली आम्ले पावसाळ्यात पोलाद खातात आणि पितळेवर हिरवा कळंक आणतात. म्यान वेगळे ठेवावे, पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचे बोट सुती कापडाने फिरवावे, आणि शिंगाला तेल लावू नये. दसऱ्याला पूजा अवश्य करावी, पण हळद-कुंकू मुठीजवळच्या अक्षरांवर न लावता म्यानाला लावावे.

नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते 1863 पासूनचे आहे. आधी पत्र लिहून तेथील अभिरक्षकांना छायाचित्रे दाखवावीत. सुरा सोबत न्यायची गरज नाही. छायाचित्रे घेताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, आणि ठशाचे छायाचित्र चार वेगवेगळ्या बाजूंनी प्रकाश टाकून घ्यावे, कारण एका प्रकाशात जे अक्षर लपते ते दुसऱ्यात दिसते.

मेळघाट-पायथा

टोपीच्या कडेला, धारेच्या बाजूला, तशाच दोन खाचा आहेत. लांबीही सारखीच भरते. पितळी पट्टीवर कळंक साचल्यामुळे तेथे काही दिसत नाही, आणि तो खरवडून पाहण्याचे धाडस मी केलेले नाही. छायाचित्रे काढून झाली की येथेही चढवीन. आत्याबाईंकडून पणजोबांविषयी जे जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेण्याचे काम सुरू केले आहे. दर्यापूरच्या भाऊंना एक विचारायचे राहिले : पितळेवरचा जुना कळंक न खरवडता, ठशाला धक्का न लावता काढण्याची काही रीत आपल्याकडे आहे का?

उत्तर : लोहारशाळा, दर्यापूर

आहे, पण सावकाशीची आहे. कळंकावर मशीनच्या तेलाचा थेंब सोडून रात्रभर राहू द्यावा, आणि सकाळी बांबूची बारीक सळई टोकाला चावून मऊ करून तिने हलकेच पुसावे. बांबू पितळेपेक्षा मऊ असतो, त्यामुळे ओरखडा पडत नाही. तेल पोलादावर ओघळले तरी चालेल, शिंगावर जाऊ देऊ नका. एका वेळेला निघेल तेवढेच काढावे, उरलेले दुसऱ्या दिवशी. चिंच, लिंबू आणि बाजारातली पितळ-पावडर मात्र या सुऱ्यापासून कायमची दूर ठेवा.